गाडीचं तोंड कुणीकडे

"इतकी वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, त्यातलं काही लिहा," असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. घरी येऊन विचार करायला बसलो तर लक्षात आलं, की ज्या गाड्या मी नीट दुरुस्त केल्या त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही. गाडी आली, बिघाड सापडला, काढला, गाडी गेली. आठवणीत राहिल्या त्या सगळ्या मला नाचवणाऱ्या. त्यातल्या एकीचं नाव काढलं तर आमच्या घरात अजून सून तोंडाला पदर लावते. तीच सांगतो.

तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदा म्हणायचो, गडचिरोली त्याच जिल्ह्यात होतं आणि बल्लारशाला माझी एक शेड होती. शेड म्हणजे वर पत्रा, खाली सागाचे खांब आणि मधे मी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी लष्कराच्या वर्कशॉपात नटबोल्ट मोजून द्यायच्या कामावर होतो. इंजिनाला हात लावायची मला परवानगीच नव्हती. पण गावात आल्यावर 'मिलिटरीतला मिस्तरी' एवढंच लोकांच्या कानावर गेलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न करता सोडलेली माझ्या आयुष्यातली ती पहिली गोष्ट. पुढे सवय झाली.

माझं नाव झालं ते एका बुचामुळे. आलापल्लीच्या एका लाकूड ठेकेदाराच्या ट्रकाचं पेट्रोलच्या टाकीचं झाकण जंगलात कुठे तरी पडलं. तिथे सागाला काय तोटा? त्यानं सुताराकडून सागाचं बूच करून घेतलं. सुतार पक्का कारागीर. बूच असं बसलं की मुंगीला आत शिरायची सोय राहिली नाही. त्या दिवसापासून ट्रक थोडं अंतर जाई आणि बंद पडे. मी पंप खोलला, कार्ब्युरेटर खोलला, नळ्या फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले. शेवटी टाकीत पेट्रोल तरी आहे का ते पाहावं म्हणून बूच उपटलं, तर आत सूं करून हवा शिरली आणि ट्रक सुरू झाला. टाकीत हवा शिरायला वाट नसेल तर पेट्रोल बाहेर कसं येणार, हे मला त्या सूं आवाजानंतर सुचलं. ठेकेदाराला मात्र मी असं सांगितलं जणू हे मी पहिल्या दिवसापासून ओळखून होतो. बुचाला बारीक भोक पाडलं आणि एटापल्लीपर्यंत माझी कीर्ती गेली.

ती कीर्ती ऐकून दादाजीभाऊ माझ्याकडे आले. आष्टीवरून आलापल्लीकडे जाताना त्यांचं गाव लागे. पूर्वीची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेलेली, पण धानाची शेती आणि तलाव राहिलेला. शिवाय लढाईच्या आधीची एक जुनी विलायती मोटार. तिच्यासोबत ड्रायव्हर राजन्ना, सिरोंच्याकडचा तेलंगी माणूस, अंगानं आडवा आणि बोलायला कमी. दादाजीभाऊंनी तक्रार सांगितली.

"मिस्तरी, थंडीत सकाळी गाडी सुरूच होत नाई. म्हंजे होते बी, नाई बी. काई नेम नाई. आमची पुतनी बाळंतपनाले आली हाये. सुईन म्हनते, लेकरू आडवं हाये, दवाखान्यातच न्या लागन. येळेवर गाडी नाई चालली तं काय करू आमी?"

प्रश्न सरळ होता. चांद्याचा दवाखाना गावापासून मोटारीनंही अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, मधे नदी. हिवाळ्यात पाणी उतरलं की वाळूवर बांबूचे तट्टे टाकून गाड्यांसाठी वाट करत. बैलगाडीनं अडलेली बाई तिथवर पोचेल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं. त्या गावात दुसरी मोटार नव्हती. मी छाती फुगवून म्हटलं, "गाडी सोडून जा. बिघाड काढून देतो."

आता वाचकांसाठी थोडं शास्त्र. थंडीत इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात. ठिणगी, पेट्रोल, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त पेट्रोल. कारण गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्यासाठी चोक नावाचं एक बटण ओढतात, म्हणजे हवा कमी होऊन पेट्रोलचं प्रमाण वाढतं. पेट्रोल मागच्या टाकीतून पुढच्या इंजिनाकडे ओढायला एक छोटा पंप असतो. त्यात एक पडदा आणि दोन झडपा. आलेलं पेट्रोल मागे जाऊ नये हे झडपांचं काम. विहिरीवरच्या हातपंपाचा वायसर गेला की पाणी खाली उतरतं आणि सकाळी नुसता दांडा हलवत बसावं लागतं, तसंच इथेही होतं. एवढं सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि सुचणं यांत बरंच अंतर असतं, ते मी त्या हिवाळ्यात पायी चाललो.

गाडी माझ्याकडे राहिली आणि शहाण्या मुलीसारखी वागली. माझ्या शेडसमोर रस्त्याकडे उतार होता. गाड्या रात्री तोंड रस्त्याकडे करून उभ्या असत. रोज सकाळी थंडीनं माझे दात वाजत होते, पण ही गाडी समोरच्या हँडलच्या पहिल्या हाताला सुरू. मी उगाच प्लग साफ केले, तारा बदलल्या आणि "झालं काम" म्हणून पाठवून दिली. चार दिवसांनी राजन्ना चेहरा पाडून परत आला. पुन्हा माझ्याकडे गाडी शहाणी, गावात गेली की हट्टी. तिसऱ्या खेपेला दादाजीभाऊ म्हणाले, "गाडी तुमाले भेते, मिस्तरी. आता तुमीच चला गावाले. पोरीचं होईस्तोवर राहा तिथीच."

अशा रीतीनं मी बाळंतपणाला गेलो.

दादाजीभाऊंचं घर तलावाच्या वर होतं. वरच्या बाजूला रस्ता, मधे घर आणि मोठं अंगण, अंगण तलावाकडे उतरत गेलेलं. घरात हुकूम चाले तो दादाजीभाऊंच्या थोरल्या वहिनींचा. त्यांना सगळं गाव मोठीबाई म्हणे. त्या विधवा होत्या, आणि अडलेली शेवंता त्यांचीच मुलगी. मोठीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हेच का बुचवाले?"

राजन्नानं मला गाडीमागे नेऊन हळूच सांगितलं, "मिस्तरी, खरं सांगू का? मोठ्याबाई घरी असल्या की गाडी सुरू होत नाई. गावाला गेल्या की एका हातात सुरू."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसलो. "अरे बाबा, गाडीले काय कळते घरी कोन हाये ते?"

त्याच दिवशी मोठीबाई नात्यातल्या कुणाकडे मुक्कामाला गेल्या. मी विचार केला, इथे तलावाचा गारठा आहे, इंजिन गोठत असणार. संध्याकाळी घरातली एक जाड गोधडी मागून घेतली आणि बॉनेटवर पांघरली. सकाळी राजन्नानं हँडल मारलं आणि गाडी लगेच सुरू. मला इतका आनंद झाला की मी अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांना थंडी आणि धातू यांवर भाषण दिलं. ते ऐकायला तलावावर जाळी टाकायला आलेले ढिवरही थांबले.

दुसऱ्या दिवशी मोठीबाई परत आल्या. संध्याकाळी राजन्ना गाडी घेऊन आला तर त्या ओसरीवरून म्हणाल्या, "राजन्ना, तोंड फिरव." त्यानं मुकाट्यानं गाडी पुढे-मागे करून वळवली आणि तोंड घराकडे करून लावली.

मी विचारलं, "हे कशाले?"

"तलावाकडं दक्षिण हाये," मोठीबाई म्हणाल्या. "रातच्याला तिकडं तोंड करून गाडी ठेवाची नाई."

मला हसू आलं. आवरायला हवं होतं, पण मी तेव्हा मिलिटरीतला होतो. "मोठ्याबाई, यमाले मोटार चालवता येत नसन," असं काही तरी बोललो. त्या पदर ओढून आत गेल्या. राजन्नानं मान खाली घातली. त्या रात्री मला जेवणात भाजी वाढायला कुणी आलं नाही.

सकाळी गाडी सुरू झाली नाही. मी म्हटलं, गोधडी पातळ पडली. पुढच्या रात्री दोन गोधड्या. तरी नाही. मग मी प्लग काढून चुलीच्या आरावर भाजले. त्याच चुलीवर भाकरी टाकायच्या होत्या, त्यामुळे घरातल्या बायकांनी त्या दिवशी माझं नाव घेतलं ते वेगळ्या अर्थानं. इंजिनावर गरम पाणी ओतलं. चोकची तार बदलली. राजन्नाच्या दंडांना गोळे येईपर्यंत हँडल मारलं की दिवस वर आल्यावर गाडी खोकत सुरू होई, आणि मी म्हणे, बघा, ऊन लागलं. मोठीबाई एकदा बाजाराच्या गावी राहिल्या, त्या सकाळी गाडी पहिल्या हाताला सुरू झाली. त्या रात्री मी तीन गोधड्या टाकल्या होत्या. साहजिकच मी तिसऱ्या गोधडीला श्रेय दिलं.

पेट्रोल येतं की नाही हे मी पाहिलं नाही असं नाही. पंपाच्या खाली काचेची एक वाटी असते. टाकीतलं पेट्रोल आधी तिच्यात येतं, कचरा खाली बसतो आणि मग ते पुढे जातं. मी रोज ती वाटी पाहत होतो आणि ती रोज भरलेली होती. फक्त मी चहा पिऊन, शेकोटीला हात शेकून तिथे पोचेपर्यंत राजन्नानं हँडल मारमारून पेट्रोल वर ओढलेलं असे. मला वाटे, पेट्रोल तर ठीक आहे, घोडं दुसरीकडेच कुठे तरी पेंड खातं आहे. शेवंता कधी कधी दाराशी येऊन बसायची. अंग जड झालेलं, डोळे ओढलेले. एकदा तिनं विचारलं, "मिस्तरीभाऊ, होईन ना गाडी सुरू?" मी हो म्हटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. बिघाड सापडत नाही म्हणून नव्हे. त्या मुलीनं माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि माझ्याजवळ गोधड्यांशिवाय काही नव्हतं.

ज्या पहाटेची भीती होती ती लवकरच आली. सुईणीच्या हिशेबाप्रमाणे अजून दिवस होते, पण उजाडता उजाडता घरात धावपळ सुरू झाली. राजन्नाला दादाजीभाऊंनी गादी, उश्या, पाणी गोळा करायला आत बोलावलं. गाडीजवळ सगळ्यात आधी मी पोचलो, आणि तेही चहा न घेता. बॉनेट उघडलं. काचेची वाटी कोरडी ठणठणीत होती.

क्षणभर मला आनंदच झाला, इतका की मागून शेवंताचं कण्हणं ऐकू आलं तेव्हा स्वतःची लाज वाटली. टाकी पाहिली, अर्धी भरलेली. मग नळीनं टाकीतलं पेट्रोल ओढून बाटलीत घेतलं. निम्मं माझ्या पोटात गेलं असावं. उरलेलं कार्ब्युरेटरमध्ये ओतलं. त्याच्या वाटीतही बारीक झिरप होती, रात्रीत तीही रिकामी झालेली. राजन्ना आला, त्यानं हँडल मारलं. इंजिन धडधडलं. आतून कुणी तरी "झाली, झाली" म्हणालं. आणि ओतलेलं पेट्रोल संपताच ते बंद पडलं.

पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. पंप पेट्रोल ओढत नव्हता. मी गाडीच्या बाजूला मातीत बसलो, अक्षरशः हात टेकले. बसल्यावर नजर खाली गेली. मागची चाकं उतारावर खाली, पुढची वर. टाकी मागे, खाली. इंजिन पुढे, वर. झिजलेल्या झडपेचा तो म्हातारा पंप पेट्रोल त्या चढावरून वर ओढू शकत नव्हता, आणि रात्री जे काही वर असेल ते घरंगळत टाकीत परत जात होतं. गाडी उलटी, तोंड उताराकडे करून उभी असली तर टाकी वर येते आणि पेट्रोल आपल्या पायानं इंजिनाकडे येतं. माझ्या शेडपुढे तसंच होत होतं. मोठीबाई गावाला गेल्या की आळशी राजन्ना रस्त्यावरून आलेली गाडी न फिरवता तशीच तलावाकडे तोंड करून सोडत होता. गोधडीनं काहीच केलं नव्हतं.

"राजन्ना, गाडी फिरव," मी ओरडलो.

तलावावर आलेले ढिवर जाळी टाकून धावत आले. सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत, अडवत, मागे-पुढे करत वळवली. तोंड तलावाकडे, दक्षिणेला. मी वाटीकडे पाहत होतो. थोड्या वेळानं तिच्या तळाशी पेट्रोल आलं आणि हळूहळू चढू लागलं. आयुष्यात इतकं सुंदर दृश्य मी फार कमी वेळा पाहिलं आहे. राजन्नानं हँडल मारलं, गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली.

मी मान वर केली तर ओसरीच्या पायरीवर मोठीबाई शेवंताला धरून उभ्या. त्यांची नजर गाडीच्या तोंडाकडे होती. दादाजीभाऊ म्हणाले, "वहिनी..." ढिवर बाजूला झाले.

मी पुढे गेलो. "मोठ्याबाई, अशीच सुरू राह्यते. आता इथी फिरवली तं बंद पडन, अन् मंग माझ्या हातात काई नाई."

"हे तुमाले पक्कं ठाऊक हाये, का गोधडीसारखंच?"

"पक्कं हाये," मी म्हटलं. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा खरं बोलत होतो.

त्यांनी शेवंताला माझ्या आणि सुईणीच्या हाती दिलं. आम्ही तिला मागच्या गादीवर निजवलं, सुईण तिच्याजवळ बसली. मोठीबाई घरातली कर्ती बाई, पण ड्रायव्हरच्या शेजारी कधी बसल्या नसाव्यात. त्यांनी पुढचं दार उघडलं, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि बसल्या. "मी पुढं बसते," त्या म्हणाल्या. "त्याले पाह्याचंच असन तं आधी मले पाहू दे."

राजन्नानं गाडी तोंड न फिरवता मागे मागे घेत वर रस्त्यावर काढली आणि मी तिच्या बाजूच्या पायरीवर उभा राहिलो, एका हातानं दार धरून, दुसऱ्या हातात पेट्रोलची बाटली. चढ आला की मी दातानं बाटलीचं बूच काढून तयार राही. नदीचे तट्टे ओलांडताना गाडी दोनदा गुदमरली, मी धावत बॉनेट उघडून घोट घोट ओतलं आणि ती पुन्हा चालू लागली. गोंडपिपरीपर्यंत माझ्या अंगातला मिलिटरीतला मिस्तरी पुरता गळून गेला होता. चांद्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टरीणबाईंनी शेवंताला थेट आत नेलं. ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या, आणि मी दवाखान्याच्या मागे जाऊन मोकळेपणानं रडलो. पोटात पेट्रोल गेल्यामुळे असेल, असं मी राजन्नाला सांगितलं.

संध्याकाळी मोठीबाई व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन जमिनीवर बसलो आणि झडप, उतार, पेट्रोल हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. दिशेला हसल्याबद्दल माफीही मागितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे तिकडं तोंड असलं की गाडी लवकर सुरू होते?"

"हो."

त्या समोर पाहत म्हणाल्या, "आमच्या मालकांचं दुखनं वाढलं त्या सकाळी गाडी अशीच उभी होती. तोंड तिकडंच. त्यांना मागं निजवलं. मले म्हनले, तू बी चल. मी लुगडं बदलाले आत गेली. राजन्नानं एक हात मारला अन् गाडी सुरू झाली. कोनाले वाटलं मी बसली, कोनाले काय वाटलं. बाहेर येऊन पाह्यलं तं अंगनात कोनीच नाई. ते वाटेतच गेले, मिस्तरी. मले वाटे, जरा अडली असती गाडी, तं मी भेटली असती. तिकडं तोंड होतं म्हनूनच तिले घाई झाली, असं समजून मंग मी तिचं तोंड फिरवलं."

गाडी कधी सुरू होत नाही, हे मी त्या घरात बाकी सगळ्यांना विचारलं होतं. ती कधी चटकन सुरू झाली होती, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं, आणि मोठीबाईंना तर मी काहीच विचारलं नव्हतं. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता.

"आता बसवून टाका नवी झडप," त्या उठता उठता म्हणाल्या. "तोंड कुनीकडं बी असू द्या, येळेवर चालली पायजे." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "अन् राजन्नाले सांगा, निघाच्या आधी हॉर्न वाजवत जा म्हना."